विनोदबुद्धी आणि स्मरणशक्ती (तरुण वयातली)

ज्यावर हसू आलं ते लक्षात राहतं, मानसशास्त्रात याला ह्यूमर इफेक्ट म्हणतात. भांडण आहे ते कशामुळे राहतं यावर. प्रयोग बरेचसे कॉलेजच्या पोरापोरींवरच झालेत, त्यामुळे निष्कर्षही मुख्यतः त्याच वयाचे.

हास्याचा विचार आपल्याकडे जुनाच. नाट्यशास्त्रात (काळ ढोबळमानाने इ.स.पू. २०० ते इ.स. २००, अभ्यासकांचं जुळत नाही) स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे सहा प्रकार दिलेत आणि हास्याचं मूळ विकृत वेष, विकृत बोलणं यात सांगितलंय, म्हणजे जे नेहमीसारखं नाही ते.

आता खरा मुद्दा. १९३३ मध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन बाईंनी दाखवलं की एकसारख्या गोष्टींत एखादी वेगळी असली की तीच आठवते. मग विनोद लक्षात राहतो तो विनोद म्हणून की नुसता वेगळा म्हणून? १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीफन श्मिट यांनी विनोदी आणि साधी वाक्यं एकाच यादीत मिसळून दिली तेव्हा विनोदी जास्त आठवली, पण त्याची किंमत साध्या वाक्यांनी मोजली, ती कमी आठवली; आणि एका गटाला सगळीच विनोदी, दुसऱ्याला सगळीच साधी दिली तर फरक जवळपास गायब. म्हणजे विनोद शेजाऱ्याच्या वाट्याचं लक्ष खातो. हसल्यावर मेंदूतली बक्षीसवाली यंत्रणा (आवडतं काही मिळालं की छान वाटायला लावणारी) जागी होते आणि त्याने आठवण पक्की होते असंही काहीजण मानतात, ती यंत्रणा जागी होते हे २००३ च्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंयच, पण ते एवढंच कारण असतं तर नुसत्या विनोदी यादीतही फायदा दिसायला हवा होता, म्हणून वेगळेपणाचं पारडं जड वाटतं.

पुण्यात हे बघायला लॅब लागत नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या मेसच्या भिंतीवर ‘पोळ्या मोजून खा, आम्ही मोजतोच’ अशी पाटी असते आणि खाली बारीक अक्षरात रविवारी संध्याकाळी बंद. एमपीएससीवाल्या पोरांना पोळ्यांचं वाक्य तोंडपाठ, आणि रविवारी रात्री तीच पोरं कुलपासमोर उभी.

शिकवण्याबाबत कॅप्लन आणि पॅस्को यांचा १९७७ चा प्रयोग नेहमी सांगतात. सहा आठवड्यांनी विद्यार्थ्यांना विनोदी उदाहरणांतून सांगितलेला भाग जास्त आठवला, पण एकूण विषय जास्त समजला असं काही दिसलं नाही. म्हणजे सरांचा जोक धड्यातल्या मुद्द्यावरच बेतलेला पाहिजे, उगाच मधेच टाकलेला असेल तर वहीत काहीच उतरत नाही.

माणसाची विनोदबुद्धी हा मात्र वेगळा विषय, ती मोजायला मार्टिन आणि लेफकोर्ट यांची १९८४ ची प्रश्नावली आहे. कोटी कळायला शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात, त्यामुळे तात्पुरत्या स्मरणाचा हात त्यात असतोच.