एसयू की स्ट्रॉम्बर्ग: जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा कार्बोरेटर ओळखताना

एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, टीआर४ किंवा जग्वार ई-टाइप, यांतल्या कुठल्याही गाडीचे बॉनेट उघडा. इंजिनाच्या कुशीला आडवे बसलेले कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग, दिसतात. प्रत्येकावर धातूची टोपी आणि टोपीच्या मधोमध तेल घालायचे झाकण. नवखा माणूस यातल्या सगळ्यांना ‘एसयू’ म्हणून मोकळा होतो. त्यातले बरेचसे एसयू असतातही. पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या ट्रायम्फच्या टीआर६ वर, जीटी६ वर किंवा १९६८ नंतरच्या अमेरिकन ई-टाइपवर बसलेला असतो झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग. एकाच्या पुस्तकातली कृती दुसऱ्यावर केली की बऱ्या गाडीचे दुखणे सुरू होते.

दोन्हींचे तत्त्व एकच आहे. साध्या कार्बोरेटरमध्ये हवेची वाट ठरावीक रुंदीची असते, म्हणून वेगवेगळ्या रेसला वेगवेगळे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोके, लागतात. इथे हवेची वाटच लहान-मोठी होते. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता तेव्हा फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, उघडते. टोपीतली हवा इंजिन ओढून घेते, तिथला दाब कमी होतो आणि टोपीखालचा पिस्टन हवेच्या गरजेएवढा वर उचलला जातो. पिस्टनच्या तळाला निमुळती नीडल, म्हणजे सुई, असते. ती जेटमधून जितकी वर येईल तितके जास्त पेट्रोल. जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग जवळपास कायम राहतो, म्हणून एकच जेट आणि एकच नीडल आयडलपासून फुल रेसपर्यंत पुरते.

आपल्याकडे हे अनोळखी नाही. अॅम्बॅसेडरवर एसयूच असायचा, आणि तिचे १४८९ सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन एमजीए या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाच्याच घराण्यातले. दुसरीकडे, कार्बोरेटरवाल्या क्लासिक ३५० बुलेटचा मिकुनी बीएस२९ ज्याने उघडला आहे, त्याने आतला काळा रबरी पडदा पाहिलेला असतो. स्ट्रॉम्बर्ग त्याच जातीचा.

खरा फरक इथेच आहे. पिस्टन वर जायचा तर टोपी आणि पिस्टन यांच्यातून हवा निसटता कामा नये. एसयूमध्ये हे काम नुसत्या मापावर चालते: पिस्टनची कड आणि टोपीची आतली भिंत यांत केसाएवढी फट, पण घासायचे नाही. स्ट्रॉम्बर्गमध्ये पिस्टनभोवती रबरी डायफ्राम असतो आणि त्याची कड टोपीखाली दाबून बसवलेली असते. गंमत अशी की बूट-चपलांच्या व्यापारातल्या स्किनर घराण्यातल्या भावांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एसयू काढला, तेव्हा त्यात चामड्याचा भाता होता. धातूचा पिस्टन नंतर आला. १९६० च्या दशकात स्ट्रॉम्बर्ग पुन्हा लवचीक पडद्याकडे वळला. त्यामागे व्यवहारही होता. एसयू कंपनी तेव्हा बीएमसीच्या हातात होती, आणि ट्रायम्फला प्रतिस्पर्ध्याच्या दारात कार्बोरेटरसाठी उभे राहणे परवडणारे नव्हते. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड झाली आणि बीएमसी व ट्रायम्फ एकाच छपराखाली आले. त्यामुळे एकाच मॉडेलवर, वर्ष आणि देश बदलला की, वेगळा कार्बोरेटर सापडतो.

ओळखायचे कसे? एसयूची टोपी घंटेसारखी, वर लांब मान, आणि ती दोन किंवा तीन स्क्रूंनी बसलेली. स्ट्रॉम्बर्गची टोपी बसकी, चार स्क्रूंची. जुन्या एचएस प्रकारच्या एसयूला पेट्रोलची वाटी बाजूला टांगलेली असते, स्ट्रॉम्बर्गची वाटी पोटाखाली. पण वाटीवर विसंबू नका. नंतरच्या एमजीबीवरच्या एचआयएफ प्रकारच्या एसयूची वाटीही पोटातच आहे आणि घोटाळा बहुतेक तिथेच होतो. आकड्यांची रीतही वेगळी. एसयूचा आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश: एचएस२ सव्वा इंच, एचएस४ दीड इंच, एचएस६ पावणेदोन. स्ट्रॉम्बर्गचा सरळ हिशेब: १५०सीडी दीड इंच, १७५सीडी पावणेदोन.

देखभालीचा सगळा फरक हवा रोखणाऱ्या त्या सीलमधून निघतो. एसयूची टोपी आणि पिस्टन ही जोडी असते. दोन कार्बोरेटर एकदम उघडून टोप्यांची अदलाबदल केली की पिस्टन अडकायला लागतो. पेट्रोलने पुसा, दांड्यावर तेलाचा एक थेंब द्या, पण पॉलिश पेपर लावू नका. घासून वाढलेली फट परत भरून येत नाही. स्ट्रॉम्बर्गमध्ये अशी नाजूक मापे नाहीत, पण रबर म्हातारे होते. डायफ्राम फाटला की गाडी चालू होते, आयडलला बरी वाटते, आणि रेस दिली की गुदमरते, कारण पिस्टन वर जातच नाही. इंजिनच गेले असे समजून लोक हेड उघडतात. आधी टोपीचे चार स्क्रू काढून पाहावे. नवा पडदा बसवताना त्याची छोटी जीभ खाचेतच बसली पाहिजे, नाहीतर नीडल तिरकी होते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झाले, आपल्याकडे ई२० आले. इथेनॉल जुन्या रबराचे वैरी आहे. सुटे भाग घेताना ते इथेनॉल सोसणारे आहेत का, हे विचारून घ्या. एसयूवालेही सुटत नाहीत. वाटीतला वॉशर आणि पेट्रोलची नळी त्यांनाही आहेच.

मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण, लावण्याची कृती मात्र अजिबात एकमेकींवर चालवू नये. एचएस एसयूमध्ये नीडल जागेवर आणि जेट खाली-वर होते. खालचा षटकोनी नट फिरवायचा, सुरुवात साधारण दोन आट्यांवर म्हणजे १२ बाजूंवर करायची आणि मग एकेक बाजू सरकायचे. नट खाली गेला की मिक्श्चर जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. एचआयएफला तोच परिणाम बाजूचा एक स्क्रू देतो. नंतरच्या स्ट्रॉम्बर्गमध्ये जेट पक्के असते आणि नीडल हलवायची असते, तीही वरून, तेलाच्या नळीतून लांब अॅलन की घालून. त्या खास हत्याराचा बाहेरचा भाग पिस्टनला धरून ठेवतो. तो भाग न वापरता नुसती की फिरवली, तर पिस्टन गोल फिरतो आणि पडद्याला पीळ बसून तो फाटतो. कित्येक स्ट्रॉम्बर्ग असेच, दुरुस्तीच्या हातून मेले आहेत.

डॅम्परचे, म्हणजे टोपीच्या झाकणातून घालायचे, तेल दोघांनाही लागते. रेस एकदम दिली की हे तेल पिस्टनला क्षणभर रोखते आणि मिक्श्चर तेवढ्यापुरते जाड होते. वेगळा पंप नाही. तेल आटले की पिकअपला झटका बसतो. हे तपासणे मिनिटाचे काम आहे आणि नेमके तेच राहून जाते. त्याहून आधी टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग बघा. ‘कार्बोरेटर बिघडलाय’ म्हणून आलेल्या गाड्यांतल्या बऱ्याच जणींचे दुखणे इग्निशनचेच असते.

आता बदलाबद्दल. स्ट्रॉम्बर्ग काढून एसयू बसवा, हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. माझे मत: टीआर६ किंवा जीटी६ वरच्या निरोगी जोडीला हात लावू नये. स्ट्रॉम्बर्गची बदनामी मुख्यतः अमेरिकेच्या प्रदूषण नियमांच्या काळातली आहे. मिक्श्चर पातळ, कॉम्प्रेशन कमी, भोवती नळ्यांचे जाळे. इंजिनाचा जीव त्याने गेला, दोष कार्बोरेटरला. एअर फिल्टर मोकळा केला किंवा एक्झॉस्ट बदलला तर नीडल बदलावी लागते, आणि इथे एसयूचे पारडे जड आहे. त्याच्या नीडल शेकड्याने मिळतात. उदाहरणार्थ, सुरुवातीच्या एमजीबीला कारखान्याची जाड नीडल ६ क्रमांकाची होती. वेबर ४५ डीसीओई हा मोठा, दोन तोंडांचा कार्बोरेटर बसवणाऱ्यांनी रोजच्या रस्त्यावर पेट्रोलचा हिशेब आधी करावा.

अपवाद एकच वाटतो: १९७५ पासूनची अमेरिकन एमजीबी. तिच्यावर दोनाऐवजी एकच १७५सीडी आहे, आणि इनटेक व एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड एकाच ओतकामात असून ते तडकते. तिथे एसयूची जोडी बसवणे रास्त आहे. मात्र नुसते कार्बोरेटर घेऊन भागत नाही. जोडीचे इनटेक मॅनिफोल्ड, वेगळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हीट शील्ड आणि चोक व अॅक्सिलरेटरच्या केबल एकत्र जमल्याशिवाय जुने खोलू नका.