घराची मशीद होताना: जावातल्या जोग्लोचं स्थलांतर

जावा बेटावरचं जुनं जोग्लो, म्हणजे उंच छपराचं पारंपरिक लाकडी घर, जमिनीत कुठेच रोवलेलं नसतं. मधले चार मुख्य खांब, म्हणजे सोको गुरू, दगडी तळखड्यांवर नुसते टेकलेले असतात. त्यांच्या डोक्यावर लांब तुळया ब्लांदार आणि आखूड तुळया पंगरेत बसतात. त्यांच्या थोडं खाली सुंदुक आणि किली या बांधतुळया खांबांना एकमेकांशी जखडतात. वर तुळयांचे चढत जाणारे थर, तुंपांग सारी. सगळं सागवानी, सांधे कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि खाचेचे, वर लाकडी खुंट्या. म्हणूनच जमीन न विकता नुसतं घर विकता येतं आणि ते दुसऱ्या गावी पुन्हा उभं राहतं.

ही प्रथा नवी नाही. जावातल्याच डेमाक गावच्या जुन्या मशिदीच्या ओसरीतले आठ खांब मजापहित या जुन्या राज्याच्या राजवाड्यातून आल्याचं परंपरा सांगते. एरवी मशिदीला चारी बाजूंनी टोकाकडे निमुळतं होणारं ताजुग छप्पर आणि घराला जोग्लो, असा जावात रिवाज. आणलेला जोग्लो त्यामुळे बऱ्याचदा मशिदीची ओसरी होतो, किंवा वाडीतली छोटी नमाजाची जागा.

उतरवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि दिशा लिहायची. चार खांब दिसायला सारखे असले तरी त्यांच्या खाचा हाताने त्या त्या कुसवापुरत्याच कोरलेल्या असतात. ईशान्येचा खांब नैर्ऋत्येला बसत नाही, आणि बसवायचा म्हणून खाच तासली की तो सांधा कायमचा ढिला. मग कौलं, रीपा, वासे, आढं, कडेचे खांब, तुंपांग सारीचे थर वरून खाली, आणि शेवटी सोको गुरू. सगळ्यात जास्त नुकसान तुळया उतरवताना होतं. खुंट्या आधी पूर्ण ठोकून काढायच्या आणि तुळई दोन्ही टोकांना एकाच वेळी सरळ वर उचलायची. एक टोक आधी वर गेलं की दुसऱ्या टोकाचं कुसू मुळाशी चिरतं. २५ सेंटिमीटर चौरस, साडेचार मीटर उंच खांब सुमारे १८० किलोचा भरतो, तेव्हा माणसांच्या जोडीला कप्पी हवीच.

उभारणी उलट क्रमाने, आधी गाभा: चार खांब, बांधतुळया, मग वरच्या तुळया. चारी तळखड्यांची पातळी पाण्याच्या नळीने जुळवायची आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे झाल्याशिवाय खुंट्या ठोकायच्या नाहीत.

इथवर बहुतेक मंडळी नीट येतात. घोटाळा पुढे होतो: मजबुतीसाठी खांबांचे पाय काँक्रीटमध्ये गाडले जातात. लाकूड ओलावा सर्वांत वेगाने शोषतं ते आडव्या छेदातून, म्हणजे खांबाच्या बुडातून. काँक्रीटच्या खोबणीत तो ओलावा वाळत नाही, बूड कुजतं आणि वाळवीला आत शिरायला आडोसा मिळतो. शिवाय भूकंपात टेकलेला खांब तळखड्यावर किंचित डुलतो, सांधे घासतात आणि धक्क्याची ऊर्जा त्या घर्षणात जिरते. गाडलेल्या खांबाला ती मुभा नसते, सगळा ताण कुसवांवर येतो. चौकटीला चिकटून विटांची भिंत बांधली तरी तेच होतं: लवचीक चौकट आणि ताठ भिंत एकमेकांवर आपटतात. भिंत हवीच असेल तर चौकटीपासून सुटी ठेवावी. २७ मे २००६ च्या योग्यकर्ता भूकंपात विटांची घरं मोठ्या संख्येने कोसळली होती.

छप्पर हलकं करायची घाईही नको. मातीची कौलं चौरस मीटरला २५ च्या आसपास बसतात, वजन साधारण ३५ ते ४० किलो. हेच वजन सुट्या चौकटीला तळखड्यांवर दाबून धरतं आणि सांधे आवळतं. त्याजागी पातळ पत्रा घातला तर वाऱ्याच्या उचलीला छप्पर कमी पडतं.

आता दिशा. परंपरेने घराचं तोंड दक्षिणेला असतं. योग्यकर्त्याहून किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, मात्र उत्तरेपासून सुमारे २९५ अंशांवर, पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला येतो. मागची बाजू किब्ल्याकडे हवी असेल तर घराचं तोंड दक्षिणेवरून सुमारे ६५ अंश पूर्वेकडे वळवावं लागतं. तळखडेच नव्याने मांडायचे असल्याने हे फुकटात होतं, फक्त पहिला दगड ठेवण्याआधी ठरलं पाहिजे. उभ्या मशिदीत ही सोय नसते. मुहम्मदिया ही इस्लामी संघटना स्थापन करणारे अहमद दहलान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योग्यकर्त्याच्या कौमान मशिदीत रांगांची दिशा सुधारू पाहिली, तेव्हा मोठा वाद पेटला होता आणि त्यांची स्वतःची नमाजाची जागा पाडली गेली.

माणसाला ६० सेंटिमीटर रुंदी आणि रांगेला १२० सेंटिमीटर खोली धरली, तर १२ बाय १२ मीटरच्या जोग्लोत हिशोबाने २०० जण बसतात. खांब, इमामाची जागा आणि वाट सोडून १७० ते १८०. रांग खांबाने तुटू नये म्हणून पहिल्या रांगेची रेघ पुढेमागे सरकवून खांब दोन रांगांच्या सीमेवर आणायचे. मिहराबसाठी, म्हणजे किब्ला दाखवणाऱ्या कोनाड्यासाठी, तुळई किंवा खांब कापू नये, तो चौकटीबाहेर पुढे काढावा.

जुन्या सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, कडेचं फिकट लाकूड देतं. तिथे बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं पाणी मुरवतात. मध्य जावातल्या कुदुसकडे कोरीव लाकडी फळ्या तंबाखू, लवंग आणि केळीच्या सोपटांच्या भिजवणीने पुसतात. काचा लावून वातानुकूलन बसवलं तर मात्र दमट हवेत मुरलेलं लाकूड झपाट्याने सुकतं, आकसतं, आणि खुंट्या सैल होतात. जोग्लो उघडाच ठेवावा. उंच छपराखालून गरम हवा आपसूक वर जाते.