हिऱ्यांच्या वाटेवरची आगगाडी

एप्रिल 1908. नामिबियाच्या किनाऱ्यावर, लुडेरिट्झ बंदराजवळ ग्रासप्लाट्झ नावाचं एक चिमुकलं स्टेशन. रूळ टाकून झाले होते, पण वारा त्यांच्यावर रोज नवी वाळू आणून टाकायचा. ती उपसायला फावडी घेतलेले मजूर नेमले होते, आणि त्यांतला एक होता झकारियास लेवाला. वाळू बाजूला सारताना त्याला एक बारीकसा चकाकणारा खडा दिसला. दुसऱ्या कुणी तो काच समजून फेकून दिला असता. लेवालाने जपून ठेवला, कारण त्याआधी त्याने दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीत काम केलं होतं. त्याने तो आपल्या साहेबाला, रेल्वे निरीक्षक ऑगस्ट श्टाउखला दिला. श्टाउखने खडा घड्याळाच्या काचेवर घासला. काचेवर ओरखडा उठला.

श्टाउख त्या खड्यामुळे कोट्यधीश झाला. लेवालाच्या पदरात काहीच पडलं नाही.

ही गोष्ट मला वारंवार आठवते ती तिच्यातल्या भूगोलामुळे. किंबर्ली आणि तो किनारा यांच्यात शेकडो मैलांचं ओसाड पठार आहे. लेवाला ते अंतर कापून आला होता. त्याच्या कितीतरी आधी हिऱ्यांनीही ते कापलं होतं, नदीच्या प्रवाहातून, लाखो वर्षं घरंगळत. आणि आज त्याच दिशेने एक आलिशान आगगाडी जाते. रोहन व्होस यांनी 1989 साली सुरू केलेल्या रोव्होस रेलची ही गाडी प्रिटोरियाहून निघते आणि किंबर्ली, अपिंग्टन, किटमान्सहूप, विंडहुक करत अटलांटिकवरच्या वॉल्विस बे बंदरात पोहोचते. सुमारे 3,400 किलोमीटरचा रस्ता, जवळपास दहा दिवस.

या गाडीच्या डब्यांतलं लाकूडकाम, न्हाणीघरं, जेवणाची टेबलं यांची वर्णनं भरपूर सापडतात, ती मी करत नाही. मला तिच्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. ती ताशी साठ किलोमीटरच्या वर जात नाही, आणि तिच्या शेवटच्या डब्याला उघडा सज्जा आहे. रूळही आपल्यापेक्षा अरुंद. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1,676 मिलिमीटर, इथली केप गेज 1,067 मिलिमीटर. डोंगराळ, पैसा कमी असलेल्या मुलखात स्वस्तात रूळ टाकता यावेत म्हणून ती निवडली गेली. अशा मार्गावरची संथ गाडी आणि उघडा सज्जा असला की जमीन कशी बदलत जाते ते डोळ्यांना दिसतं.

किंबर्लीला गाडी थांबते तेव्हा सगळे 'बिग होल' बघायला जातात. 1871 साली तिथे एक टेकडी होती. हिरे सापडले, माणसं तुटून पडली, आणि 1914 साली खाण बंद झाली तोवर टेकडीच्या जागी दोनशे मीटरहून खोल खड्डा झाला होता. सुमारे 2 कोटी 25 लाख टन माती-दगड उपसून त्यातून हिरे निघाले 2,700 किलोच्या आसपास. हिशेब केला तर टनामागे एका ग्रॅमचा आठवा भाग.

हिरे मुळात तिथे तयार झालेलेच नाहीत. जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली कार्बनचा हिरा होतो. किंबर्लीतले हिरे शंभर कोटींहून अधिक वर्षं जुने आहेत. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी त्या खोलीवरून वायूंनी भरलेला शिलारस भेगांतून वर उसळला आणि येताना वाटेतले हिरे उचलून घेऊन आला. हे फार वेगाने व्हावं लागतं. तो रस रेंगाळला असता तर कमी दाबात आणि त्या उष्णतेत हिऱ्याचं ग्रॅफाइट झालं असतं, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. थिजलेल्या त्या खडकाला गावाच्याच नावावरून 'किंबरलाइट' म्हणतात. आज जगात कुठेही असा खडक सापडला तरी त्याचं नाव हेच.

त्या ज्वालामुखींचे माथे आता जागेवर नाहीत. ऊन, पाऊस आणि वाऱ्याने वरचे शेकडो मीटर झिजले आणि त्यातले हिरे ओढ्या-नाल्यांतून व्हाल नदीत, व्हालमधून ऑरेंज नदीत गेले. किंबर्ली सोडून दक्षिणेला जाताना गाडी ऑरेंज नदी ओलांडते. पुलाखालचं ते गढूळ, शांत पाणी पाहून कुणाला वाटणारही नाही, पण हीच ती वाहतूकदार. पूर्वेला लेसोथोच्या डोंगरांत उगम, पश्चिमेला अटलांटिकमध्ये मुख, लांबी सुमारे 2,200 किलोमीटर. एवढ्या प्रवासात भेगाळलेले, सदोष हिरे ठेचकाळून फुटून जातात. शेवटपर्यंत टिकतात ते अखंड. म्हणूनच नामिबियाच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या हिऱ्यांपैकी सुमारे 95 टक्के दागिन्यांत जडवण्याच्या प्रतीचे असतात. समुद्रात पोहोचल्यावर लाटांनी आणि उत्तरेकडे वाहणाऱ्या प्रवाहाने ते किनाऱ्याने पुढे सरकवले. मुखाजवळ मोठे हिरे, जसजसं उत्तरेला जावं तसतसे लहान. लेवालाच्या फावड्यापाशी आला तो या लहान हिऱ्यांपैकी एक.

किंबर्लीजवळचं आणखी एक दृश्य आपल्या ओळखीचं आहे. गावाबाहेर, रुळांना लागूनच कॅम्फर्स डॅम नावाचं उथळ पाणथळ आहे. त्यावर हजारो गुलाबी पक्षी. हा छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत हिवाळा-उन्हाळ्यात गर्दी करतो तो हाच. पक्षी वेगळे, जात एकच. चोच उलटी धरून पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खायचं, त्यातल्या रंगद्रव्याने पिसं गुलाबी व्हायची, हे ऐरोलीला जसं तसंच किंबर्लीला. हा पक्षी दिसतो पुष्कळ ठिकाणी, पण नियमित वीण घालतो त्या जागा जगात पाच-सहाच आहेत. पूर्व आफ्रिकेतलं नेट्रॉन सरोवर, बोट्स्वानातलं सुआ, नामिबियातलं एटोशा, आपलं कच्छचं रण, आणि हे कॅम्फर्स डॅम. इथे 2006 साली माणसांनी मातीचं बेट बांधून दिलं आणि थोड्याच काळात पक्ष्यांनी त्यावर घरटी केली. पाणी येतं ते मुख्यतः शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून. केंद्र नीट चाललं तर पक्षी टिकतात, बिघडलं तर त्यांच्यावर संकट. ठाण्याच्या खाडीलाही ही गोष्ट बऱ्याच अंशी लागू आहे, आणि याची काळजी वाटावी अशीच परिस्थिती दोन्हीकडे आहे.

अपिंग्टनच्या पुढे कालाहारीची तांबडी वाळू दिसायला लागते. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचं पातळ लेपण असतं, त्याचा हा रंग. खरं तर कालाहारीच्या बऱ्याच भागात गवत आणि झाडं तगण्याइतका पाऊस पडतो. अडचण अशी की पडलेलं पाणी वाळूत झिरपून खोल जातं. झाडं त्याच्या मागे जातात. कालाहारीतल्या 'शेफर्ड्स ट्री'ची मुळं एका विंधनविहिरीत 68 मीटर खोलीवर सापडली होती. झाड आपल्या उंचीच्या कितीतरी पट खाली गेलेलं. आपल्या बाभळीची सख्खी नातेवाईक असलेली 'कॅमल थॉर्न'ही अशीच खोल मुळांची.

याच बाभळीवर, आणि झाड नसेल तिथे रुळांकडेच्या तारेच्या खांबांवर, गवताची मोठी गंजी टांगल्यासारखं काहीतरी दिसतं. ते घरटं असतं. आपल्या सुगरणीच्या आफ्रिकेतल्या नातेवाईक पक्ष्यांची ही चाळ. चिमणीएवढे पक्षी, आणि एका घरट्यात काहीशे जण. खालून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, प्रत्येक भोक म्हणजे एका बिऱ्हाडाचं दार. दाराशी टोकदार काड्या आत येणाऱ्याला बोचतील अशा खोवलेल्या. आपली सुगरण दर हंगामाला नवं घरटं विणते. हे पक्षी जुन्यालाच पिढ्यान्‌पिढ्या भर घालत राहतात, त्यामुळे काही घरट्यांचं वजन टनभर होतं आणि खाली फांदी मोडते. एवढा जाड गवती थर कशासाठी? कालाहारीत हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली जातो आणि उन्हाळ्यात दुपारी चाळिशीला टेकतो. आतल्या खोल्यांत मात्र तापमान फारसं हलत नाही. थंडीत मधल्या खोल्यांत दाटीवाटीने झोपायचं, एकमेकांची ऊब आतच राहते. या पक्ष्यांना आयुष्यभर जेमतेम पाण्यावर आणि किड्यांवर भागवायचं असतं. अंग गरम ठेवण्यात खर्च होणारी शक्ती वाचली, तेवढी जगण्याला कामी येते.

नामिबियात किटमान्सहूपजवळ 'क्विव्हर ट्री' भेटतो. झाडासारखी वाढलेली कोरफडच ती. इथले मूळचे शिकारी सान लोक तिच्या फांद्या पोखरून बाणांचे भाते करत, म्हणून हे नाव. फांद्यांवर पांढरी भुकटी असते, ती ऊन परतवते. फार दुष्काळ पडला तर झाड स्वतःच्या फांद्या सोडून देतं.

विंडहुक ते किनारा हा मार्ग तर एका गुरांच्या रोगाने घडवला आहे. बुळकांडी. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी या रोगाने रिकामे झालेले गोठे पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही साथ आफ्रिकेत शिरली. इरिट्रियात नेलेल्या भारतीय गुरांबरोबर ती गेली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिथून खंडभर पसरत 1897 साली ती नामिबियात पोहोचली. तोपर्यंत बंदरातला माल आत नेण्याचं एकमेव साधन बैलगाडी होती. बैलच मेले. जर्मन वसाहतीच्या सरकारने घाईघाईने त्याच वर्षी स्वाकोपमुंडहून रूळ टाकायला सुरुवात केली आणि 1902 साली ते विंडहुकला पोहोचले. रुंदी फक्त 600 मिलिमीटर, जवळपास माथेरानच्या गाडीच्या रुळांएवढी.

नामिबियातल्या हेरेरो लोकांचं सगळं जगणं गुरांवर होतं. त्यांची बहुसंख्य गुरं गेली, मग जमिनी गेल्या, आणि 1904 साली उठाव झाल्यावर हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला. 2021 साली जर्मनीने त्याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली. लेवालाने जिथे फावडं मारलं तो लुडेरिट्झचा मार्ग कैद्यांनी बांधला होता. जर्मन नोंदींनुसार जानेवारी 1906 ते जून 1907 या काळात त्या कामावरच्या 2,014 कैद्यांपैकी 1,359 जण मेले. या देशात रुळांवरून जाताना हे माहीत असायला हवं.

बुळकांडीची आणखी एक खूण प्रवाशांना नकळत दिसते. गाडीचे प्रवासी वाट सोडून एटोशा राष्ट्रीय उद्यानात जातात. तिथल्या नामुटोनी आणि ओकाउक्वेयो या मुक्कामाच्या जागा 1897 साली साथीची गुरं दक्षिणेला येऊ नयेत म्हणून बसवलेल्या चौक्या होत्या. आज ओकाउक्वेयोच्या पाणवठ्यावर रात्री काळे गेंडे पाणी प्यायला येतात. बुळकांडी 2011 साली जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसरा रोग.

विंडहुक 1,650 मीटर उंचीवर आहे. तिथून गाडी समुद्राकडे उतरते आणि हिरवळ तुटत तुटत नाहीशी होते. वॉल्विस बेला वर्षाला वीस मिलिमीटरही पाऊस होत नाही. आपलं रत्नागिरीही पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून बसलं आहे, तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. एवढा फरक का? नामिबियाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून बेंग्वेला प्रवाह येतो, आणि वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलत असल्याने खालचं गार पाणी वर येतं. गार समुद्रावरची हवाही गार, म्हणून जड. ती वर उठत नाही, आणि हवा वर उठल्याशिवाय पावसाचा ढग बनत नाही. त्या हवेतल्या बाष्पाचं होतं धुकं. वर्षातले शंभराहून अधिक दिवस ते किनाऱ्यावर येतं आणि कित्येक किलोमीटर आत शिरतं.

या धुक्यावर जगणारा एक काळा भुंगेरा आहे, ओनिमॅक्रिस उंग्विक्युलारिस, दोनेक सेंटिमीटर लांब. एरवी हा दिवसा हिंडणारा. पण धुकं आलं की पहाटेच्या गारठ्यात, सांधे आखडलेले असताना, वाळूतून बाहेर पडतो आणि टेकडीच्या अगदी धारेपर्यंत चढतो. वाऱ्याकडे तोंड करतो, डोकं खाली, मागचे पाय ताठ, आणि तसाच स्तब्ध उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि ओघळत तोंडाशी येतात. विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी 1976 साली अशा किड्यांचं आधी आणि नंतर वजन केलं. एका सकाळीत काहींचं वजन एक तृतीयांशाने वाढलेलं होतं. 2001 साली मात्र दुसऱ्याच एका भुंगेऱ्याच्या पाठीवरच्या उंचवट्यांचा गाजावाजा झाला, त्याची नक्कल करून पाणी गोळा करणारे पृष्ठभाग बनवायचे प्रयत्न सुरू झाले. पुढे 2010 साली चार जाती शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा डोक्यावर उभा राहिला तो एकटा उंग्विक्युलारिस. पाठीच्या पोतापेक्षा उभं राहण्याची ती पद्धतच महत्त्वाची निघाली.

वॉल्विस बेला गाडी थांबते. गावाबाहेरच वाळूच्या टेकड्या सुरू होतात. सोबत लोहचुंबक असेल तर तो मूठभर वाळूतून फिरवून पाहा. काळे कण चिकटून येतात, ते मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. उरलेल्या वाळूत, भिंगाखाली धरली तर, थोडे गडद हिरवट-काळे कण दिसतात, पायरॉक्सीन नावाच्या खनिजाचे. ते आले आहेत लेसोथोच्या बेसाल्टमधून, सह्याद्रीसारख्याच लाव्हाच्या थरांतून, फक्त हा लाव्हा 18 कोटी वर्षांपूर्वीचा. ऑरेंज नदीने ते खाली आणले, समुद्राने किनाऱ्याने वर ढकलले, वाऱ्याने जमिनीवर टाकले. आणि अजूनही दर वाऱ्याच्या दिवशी ते रुळांवर येऊन पडतात आणि कुणीतरी फावड्याने ते बाजूला करतं.