खावडा–धोळावीरा रस्ता (कच्छ)

कच्छच्या मोठ्या रणातून जाणारा हा दोन पदरी रस्ता. फोटोंमुळं ‘रोड टू हेवन’ म्हणून फेमस झालाय आणि बडोद्यातली मंडळी डिसेंबरच्या सुट्ट्या लागल्या की गाड्या काढून निघतात ती बहुतेक ह्याच्यासाठीच. खुद्द रणातला तुकडा साधारण ३० किमीचा, जवळजवळ सरळ, दोन्ही बाजूला पाणी नाहीतर मीठ, बाकी काही नाही.

पच्छम आणि खडीर ही रणातली दोन बेटं, खावडा पच्छमवर आणि धोळावीरा खडीरवर. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, मग ते हळूहळू आटत जाऊन उन्हाळ्यापर्यंत मिठाचा पांढरा थर उरतो, म्हणून पूर्वी ह्या दोन बेटांमध्ये सरळ गाडीरस्ताच नव्हता. भुजहून धोळावीराला जायचं तर भचाऊ, रापर असा पूर्वेकडून वळसा घालून सव्वादोनशे किमीच्या आसपास जावं लागायचं. आता खावड्यावरून १३०–१४० किमीत काम होतं. भुजहून खावड्याला जाताना मध्ये कर्कवृत्ताची पाटीपण लागते, तिथं गाडी थांबवून सेल्फी काढल्याशिवाय कोणी पुढं जात नाही.

कागदोपत्री हा तुकडा घडुली–सांतलपूर ह्या मोठ्या रस्त्याचा भाग आहे. लखपत तालुक्यातल्या घडुलीपासून हाजीपीर, खावडा, धोळावीरा, मौवाणा करत तो पाटण जिल्ह्यातल्या सांतलपूरला निघतो. टुरिझम ही नंतरची गोष्ट, उत्तरेला पाकिस्तानची हद्द जवळ आहे आणि १९६५ मध्ये ह्याच रणावरून चकमकी झाल्या होत्या, त्यामुळं बीएसएफच्या हालचालीसाठी रस्ता हवा हे कारण पहिल्यापासून पुढं केलं गेलं. खावड्याच्या उत्तरेला इंडिया ब्रिज आहे, त्याच्यापलीकडं परवानगीशिवाय सोडत नाहीत.

काम रखडलं ते फ्लेमिंगोंमुळं. रणात फ्लेमिंगो सिटी म्हणून जागा आहे, पाणी बरोबर असलं की हजारो रोहित पक्षी तिथं चिखलाची घरटी करतात. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९४० च्या दशकातच तिथल्या वसाहतीबद्दल लिहून ठेवलंय. रस्ता ह्याच भागातून जाणार म्हणून वन्यजीव मंडळानं आधी नकार दिला, नंतर परवानगी मिळाली. पक्षीवाल्यांचं म्हणणं उगाच नव्हतं, रणाचं पाणी अगदी उथळ असतं आणि त्यात भराव टाकला की ते इकडून तिकडं कसं सरकणार हा साधा प्रश्न आहे, मोऱ्या ठेवल्या तरी तो पूर्ण सुटतो असं वाटत नाही. फोटो टाकणारे ह्याच्याबद्दल एक ओळ लिहीत नाहीत.

रस्त्याच्या पूर्व टोकाला धोळावीराचं हडप्पाकालीन शहर. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशींनी जागा नोंदवली, १९९० पासून रवींद्रसिंग बिश्त यांच्या हाताखाली मोठं उत्खनन झालं आणि २०२१ मध्ये युनेस्कोनं वारसा यादीत घेतलं. मनसर आणि मनहर ह्या दोन पावसाळी नाल्यांवर बांध घालून पाणी दगडी टाक्यांत साठवायची त्यांची सोय बघितली की माणूस गप्प होतो, आणि उत्तर दरवाज्याजवळ सापडलेली दहा मोठ्या चिन्हांची पाटी अजून कोणाला वाचता आलेली नाही. बरेच लोक रस्त्यावर दोन तास घालवून इथं अर्ध्या तासात उरकतात, हे मात्र पटत नाही.

पश्चिम टोकाजवळ काळो डुंगर, साधारण ४६० मीटर, कच्छमधली सगळ्यात उंच जागा. वर दत्ताचं मंदिर आहे. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला नेमानं जाणाऱ्या बडोदेकर मराठी घरांना रणात एवढ्या लांब दत्त भेटतो ह्याचंच अप्रूप. इथं कोल्ह्यांना भाताचा प्रसाद घालतात, दत्तानं भुकेल्या कोल्ह्यांपुढं स्वतःचं अंगच धरलं अशी कथा सांगतात.

बडोद्याहून अहमदाबाद, राधनपूर, सांतलपूर, रापर असं साडेचारशे किमीच्या वर पडतं, म्हणून एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही. दिवाळीनंतर गेलात तर बहुतेक पाणी दिसतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये मीठ. रणाच्या तुकड्यात सावली नाही, म्हणून पेट्रोल आणि पिण्याचं पाणी रापरला नाहीतर खावड्यालाच भरून घ्यायचं, डब्यात लीलो चेवडो (बडोद्याचा ओलसर बटाट्याचा चिवडा) असला की झालं.