निचरा व्यवस्थेची कॅमेरा तपासणी (खानदेश)

पावसाचे पाणी थेट गटारात न लोटता जागीच मुरवणाऱ्या किंवा थोडा वेळ अडवून सावकाश सोडणाऱ्या रचनांना शाश्वत निचरा व्यवस्था म्हणतात. शोषखड्डे, खडीचे चर, पाणी झिरपू देणारी फरसबंदी, प्लास्टिक क्रेटच्या भूमिगत टाक्या आणि त्यांना जोडणारे भोकांचे पाइप हे तिचे भाग. यातले बहुतेक भाग मातीखाली जातात आणि विसरले जातात. पाइपात कॅमेरा सोडून ते आतून पाहणे, बिघाडाची नेमकी जागा शोधणे आणि त्यावरून देखभाल ठरवणे म्हणजे कॅमेरा तपासणी. बोअरमध्ये कॅमेरा सोडून झरा कुठे लागला ते पाहणाऱ्या खानदेशातल्या शेतकऱ्याला ही कल्पना परकी नाही.

जमिनीखालच्या पाण्याच्या वाटेवर लक्ष ठेवायची सोय या भागात जुनीच आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळी ती खानदेशची राजधानी होती. तिथल्या सतराव्या शतकातल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या उतारावरून मुरलेले पाणी भुयारातून शहराकडे आणले आहे. भुयारावर ठरावीक अंतराने उभ्या कुंड्या आहेत. त्यांतून हवा मिळते, खाली उतरता येते. आजच्या पाइपलाइनवरचे चेंबर हेच काम करतात. या भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर चढत गेले आणि वाट अरुंद झाली. माणूस उतरू शकत होता म्हणून ते कळले. सहा इंची पाइपात माणूस उतरत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर असा चारच महिने पडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, काळी जमीन आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या दमदार पावसात तीच माती फुगते. दरवर्षीच्या या ओढाताणीत उथळ पुरलेल्या पाइपांचे सांधे सरकतात, मधेच झोल येतो. झोलात पाणी थांबते आणि थांबलेल्या पाण्यातला गाळ तिथेच बसतो. ओलाव्याच्या शोधात निघालेली कडुनिंबाची मुळी उघड्या सांध्यातून आत शिरते, तेव्हा ती केसासारखी बारीक असते. पडद्यावर आधी दोन-चार तंतू लोंबताना दिसतात. दोन पावसाळ्यांनंतर तिथेच झाडूएवढा झुबका होतो आणि त्यात कॅरिबॅग, पाला, चिखल अडकून पाइप तुंबतो.

लहान पाइपांसाठी लवचीक दांडीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा हाताने ढकलतात. साधारण 150 मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या पाइपांत चाकांची गाडी जाते. कॅमेरा चेंबरपासून किती मीटर आत आहे, ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसते. दांडीच्या टोकाशी संकेत सोडणारा छोटा प्रक्षेपक असतो, बहुधा 512 हर्ट्‌झचा. वर जमिनीवर ग्राहक यंत्र फिरवून त्याची जागा आणि खोली कळते आणि तेवढाच खड्डा खणावा लागतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाइप धुतात, नाहीतर लेन्सवर चिखलच दिसतो. भोकांच्या पाइपात मात्र हा जोर बेताचा ठेवावा, कारण त्याने भोवतीची खडी विस्कटू शकते. क्रेटच्या टाकीत कॅमेऱ्यासाठी मार्गिका ठेवली आहे का, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. पुढे ती करता येत नाही.

कॅमेऱ्याची एक मर्यादा नीट ध्यानात घ्यायला हवी. तो तडा, झोल, मुळी, गाळ दाखवतो. पाणी मुरते की नाही हे दाखवत नाही. पाइप आतून लख्ख असेल, पण बाहेरचे गाळणीचे कापड बारीक मातीने बुजलेले असेल, तर शोषखड्डा भरून वाहणारच. म्हणून चित्रीकरणासोबत खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात उतरते ते मोजले पाहिजे. तापीच्या उत्तरेला रावेर-यावलकडे गाळाची जाड जमीन आहे, दक्षिणेला बराचसा काळा पाषाण. एकीकडचा मुरण्याचा वेग दुसरीकडे लावून चालत नाही.

सगळ्यांत मोलाचे चित्रीकरण पहिले, काम ताब्यात घेतानाचे. ते नसेल तर पुढे दिसलेला तडा ठेकेदाराच्या वेळचा की नंतरचा, हे ठरत नाही. आपल्याकडे बिल निघते आणि हे राहून जाते. ते बिलाच्या आधीच मागून घ्यावे. त्यानंतरची फेरी मे अखेरीस घ्यावी, कारण तेव्हा पाइप कोरडा असतो आणि सुटलेले सांधे सर्वांत उघडे असतात. दुसरी दिवाळीच्या सुमारास, पावसाने किती गाळ आणला ते पाहायला.

ज्या शहरांत पावसाच्या नाल्यांना सांडपाणी जोडलेले आहे, तिथे चेंबरमध्ये विषारी वायू साठतो. 2013 च्या कायद्याने गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला उतरवण्यास बंदी आहे. तुंबलेले कुठे आहे हे पाहण्यासाठी कुणी दोरीला धरून खाली जायची गरज कॅमेऱ्यामुळे उरत नाही.