गळाची काठी मोडण्याची कारणे व त्यांची ओळख

गळाने मासे धरण्याची काठी कोठे आणि कशी मोडली, यावरून ती का मोडली हे ओळखण्याची रीत. काठी बांबूची असो, काचतंतूची असो वा कार्बनची, तिचा मोड वाचता येतो. खानदेशात तापी, गिरणा, पांझरा, वाघूर या नद्यांवर किंवा हतनूरसारख्या धरणावर काठी मोडली, की खापर बहुधा मोठ्या माशावर फुटते. मासा बहुतेक वेळा केवळ निमित्त असतो. काठी त्याआधीच कोठेतरी दुखावलेली असते, नाहीतर त्या क्षणी चुकीच्या कोनात धरलेली असते. म्हणून मोडलेला शेंडा पाण्यात भिरकावून देऊ नये. दोन्ही तुकडे जुळवून पाहिल्याशिवाय कारण हाती लागत नाही.

शेंड्यापासून वीतभर अंतरावर झालेला मोड सर्वांत जास्त आढळतो आणि तो बहुधा मासा वर घेताना होतो. काठी आडवी-तिरकी धरली असता ताण शेंड्यापासून मुठीकडच्या जाड भागापर्यंत वाटला जातो. मासा पायाशी आला आणि काठी उभी करून मागे झुकवली, की दोरी व काठी यांच्यातला कोन चिमटतो आणि सगळा भार शेंड्याच्या बारीक भागावर येतो. धरणाच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर, उभ्या असलेल्या माणसाकडून हे हमखास घडते, कारण पाणी खाली आणि तो वर. पाण्यात असेतो माशाचे वजन पाणीच तोलून धरते. दोन किलोचा कटला पाण्याबाहेर आला, की काठीला पूर्ण दोन किलो उचलावे लागतात. अशा वेळी जाळीची झोळी हवी, किंवा दोरी हाताने धरून मासा वर घ्यावा. दोरी गुंडाळता गुंडाळता दोरीला बांधलेले शिसे वा तरंगा टोकाच्या कडीवर (काठीवरच्या, दोरी ओवायच्या कड्यांपैकी शेवटच्या) आपटला, तरी मोड याच जागी पडतो.

मधल्या भागातला मोड वाचायला कठीण. काठी पोकळ नळीसारखी असेल, तर वाकताना तिचा गोल छेद चपटा होत जातो; हद्द ओलांडली, की नळी लांबीच्या दिशेने उकलते आणि तंतूंच्या चिंध्या निघतात. असा झिरमिळ्या सुटलेला मोड भार जास्त झाल्याचे सांगतो. रीळाचा ड्रॅग (दोरी किती ताणावर सुटावी हे ठरवणारी योजना) फार आवळलेला, दोरी काठीच्या क्षमतेपेक्षा जाड, किंवा जोर लावण्यासाठी दुसरा हात मुठीच्या वर काठीवरच धरलेला, यांपैकी काहीतरी निघतेच. हात वर सरकला, की त्याखालचा जाड भाग भार घेत नाही आणि काठी हाताच्या वरच्या अंगाला मोडते.

याउलट कांडी कापावी तसा आखूड, सरळ मोड दिसला, तर जुन्या घावाचा संशय घ्यावा. कार्बनचा तंतू ताणाला बळकट, पण आडव्या ठोक्याला नाजूक असतो. काळ्या दगडांवर आडवी टाकलेली काठी, फेकताना काठीच्या अंगावर आदळलेले शिसे, मोटारसायकलवर बांधून नेताना बसलेले घर्षण, घरातला छताचा पंखा, गाडीचे दार: यांतून पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसतही नाही. काठी पुढे कित्येक दिवस चालते आणि एखाद्या साध्या चिलापी माशावर मोडते. बनावटीतला दोष असलाच, तर तो बहुधा पहिल्या काही जड वाकांतच उघडा पडतो. वर्षभर वापरलेल्या काठीबद्दल दुकानदाराशी भांडण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. काचतंतूची काठी जड आणि मऊ वाटते, पण तुटण्याआधी जास्त वाकते. नवशिक्याने आणि पिचिंगवर बसणाऱ्याने तीच घ्यावी.

बांबूचे तंत्र वेगळे. सातपुड्यातला मानवेल जवळजवळ भरीव असल्याने काठीला उत्तम. पोकळ बांबू लवकर चिरतो. कोवळा किंवा पिठूळ रस भरलेला बांबू तोडला, तर त्यातल्या पिष्टावर भुंगेरे जगतात. असा बांबू आखूड मोडतो, मोडातून पिवळसर भुसा गळतो आणि सालीवर टाचणीएवढी भोके दिसतात. निरोगी बांबू मोडताना लांब चोयट्या सोडतो. तीनेक वर्षांचा बांबू पावसाळ्यानंतर तोडून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास पिष्ट निघून जाते. दुसरा शत्रू इथले ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्यावर टाकलेला ओला बांबू पेराशी तडकतो. काठी सावलीत, उभी वाळवावी. सरळ करण्यासाठी शेकताना करपलेली जागाही पुढे दगा देते.

गळ अडकल्यावर काठीला हिसके देणे हे खानदेशात विशेष महत्त्वाचे कारण मानावे लागेल. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या खडकाच्या उभ्या भित्तींचा (जमिनीतून भिंतीसारख्या वर आलेल्या नैसर्गिक खडकांचा) मोठा समूह आहे. नदीपात्रांत त्यांचे कंगोरे वर आलेले असतात. धरणांच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळीही गळ धरून ठेवतात. अशा वेळी काठी दोरीच्या रेषेत सरळ धरून, हाताला कापड गुंडाळून दोरीच ओढावी. काठी वाकवूच नये.

दोन तुकड्यांची काठी सांध्याशी उभी फाटली, तर सांधा पुरता बसवलेला नव्हता किंवा फेकता फेकता सैल झाला होता, असे समजावे. कड्या तपासायला कापसाचा बोळा पुरतो आणि खानदेशात तो शोधावा लागत नाही. बोळा कडीतून फिरवताना धागा अडकला, तर कडीला चीर आहे आणि ती दोरी कापते. निखळलेल्या कडीमुळे मात्र काठीवरचा ताणच असमान होतो.

मोडापाशी जळल्याची खूण, काळपट पडलेले आणि फुलारलेले तंतू दिसले, तर तो प्रकार निराळा आणि जिवावरचा. कार्बन वीज वाहतो. नदीकाठच्या शेतपंपांच्या तारा कित्येकदा पायवाटेवरून गेलेल्या असतात. लांब काठी उभी धरून त्यांखालून चालणे किंवा तेथे गळ फेकणे जीवघेणे ठरते. ओला बांबूही सुरक्षित नाही. अशा ठिकाणी काठीचे तुकडे सोडवून ते आडवे धरूनच पुढे जावे, आणि आभाळ गडगडू लागताच काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हावे.