शॉर्टवेव्ह रेडिओ घेताना बँड मोजू नका

खोक्यावर ‘१२ बँड’, म्हणजे लहरींचे बारा पट्टे, असं ठळक छापलेलं दिसलं की नवख्या श्रोत्याला तो रेडिओ भारी वाटतो. तो आकडा बाजूला ठेवा. आधी पाहा, स्टेशनचा नेमका आकडा, म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी, पडद्यावर दिसतो का. शॉर्टवेव्हवर स्टेशनं साधारण पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतरानं बसलेली असतात. ६ ते १८ मेगाहर्ट्झचा पट्टा १० सेंटिमीटरच्या काट्याच्या डायलवर मांडला, तर एकेका स्टेशनच्या वाट्याला जेमतेम ०.०४ मिलिमीटर जागा येते. चकती फिरवून तिथं नेमकं थांबणं कोणाच्याही बोटांना जमणार नाही. एक-एक किलोहर्ट्झनं सरकणारा डिजिटल रेडिओच घ्या.

दुसरा दोष खोक्यावर छापलेला नसतो. साध्या ‘सुपरहेट’ पद्धतीच्या रेडिओत आलेली लहर आधी ४५५ किलोहर्ट्झ या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर उतरवतात. त्यासाठी रेडिओ स्वतःची एक लहर तयार करतो, लावलेल्या आकड्याच्या ४५५ नं वर. पण या लहरीच्या आणखी ४५५ वर असलेलं स्टेशनही तेवढाच फरक देतं आणि आत घुसतं. त्यामुळे जोरदार स्टेशन आपल्या जागेखेरीज ९१० किलोहर्ट्झ खालीही वाजतं. चीनचं बीपीएम हे वेळदर्शक केंद्र १०,००० किलोहर्ट्झवर सेकंदा-सेकंदाला टिकटिकतं. तीच टिकटिक ९,०९० वरही आली, तर तो रेडिओ नको. टेकसन पीएल-६६० सारख्या दुहेरी रूपांतराच्या, म्हणजे लहर दोन टप्प्यांत उतरवणाऱ्या, रेडिओत हा त्रास जवळपास नसतो.

हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, गप्पा ऐकायच्या असतील तर एसएसबी (लहरीची एकच बाजू वापरून आवाज पाठवण्याची पद्धत) पकडण्याची सोय हवीच, नाहीतर बदकाच्या आवाजापलीकडे काही कळत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या आसपास एलएसबी (खालची बाजू) लावा, १४ ला यूएसबी (वरची बाजू). छोट्या टेकसन पीएल-३३० मध्ये ही सोय आहे. शिवाय त्यात जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी बसते, ही मला फार सोयीची गोष्ट वाटते.

एवढं करूनही घरात नुसती खरखरच आली, तर दोष बहुतेक वेळा एलईडी दिव्यांचा, चार्जरचा किंवा इन्व्हर्टरचा असतो. रेडिओ बॅटरीवर चालवून गच्चीत न्या, फरक लगेच कळेल. तरीही सिग्नल कमी वाटला तर पाच-सहा मीटर प्लॅस्टिकवेष्टित तार विजेच्या तारांपासून लांब बांधा आणि टोकाला क्लिप लावून ती रेडिओच्या अँटेनाच्या दांडीला अडकवा. तार फार लांब केली तर छोटा रेडिओ जोरदार सिग्नलनं गुदमरतो आणि स्टेशनं एकमेकांत मिसळतात. वीज चमकू लागण्याआधीच तार काढून ठेवा.

नवा रेडिओ भर दुपारी ६ मेगाहर्ट्झवर तपासू नका. दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) खालचा थर या लहरी शोषून घेतो, म्हणून तेव्हा ११ ते १५ मेगाहर्ट्झकडे वळा. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग ६, ७ आणि ९ मेगाहर्ट्झचे पट्टे लावा.